लॅपटॉपचा पडदा अंधुक कां होतो?



मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज दहा या प्रणालीस देण्यांत येणारा नेहमींचा आधार थांबविला. पुढील आवृत्ति, म्हणजे विंडोज अकरा, ही जुन्या लॅपटॉपांपैकीं पुष्कळांवर बसत नाहीं. त्यामुळें सुशिक्षित घरांपुढें एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. यंत्र धडधाकट आहे, कळा चालतात, पडद्यास ओरखडाहि नाहीं. केवळ आंतील प्रणालीचें वय झालें म्हणून तें भंगारांत काढावयाचें काय? अशा वेळीं घरांतील कॉलेजांत जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढें होते आणि त्याच यंत्रावर लिनक्स बसविते. हेल्सिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीच्या गाभ्यास आरंभ केला. तिची घडण कोणासहि वाचतां येते, सुधारतां येते व दुसऱ्यास देतां येते. म्हणून तिला मुक्त प्रणाली म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट हीं तिचींच निरनिराळीं रूपें होत.

नवी प्रणाली बसते, वायफाय लागतें, मराठी अक्षरेंहि नीट उमटतात. आणि मग दोन दिवसांनीं तक्रार येते ती पडद्याच्या उजेडाची, ज्याला आपण सारेच ब्राइटनेस म्हणतों त्याची. कोणाचा पडदा इतका मंद कीं दिवसां अक्षर दिसूं नये. कोणाचा सदा पूर्ण तेजानें तळपणारा आणि रात्रीं डोळ्यांस बोचणारा. कोणी उजेडाची कळ दाबली असतां पडद्यावर पट्टी सरकते, पण उजेड जागचा हलत नाहीं. आणि कोणाचा पडदा यंत्र सुरू होतांच काळाठिक्कर. दुकानांत नेलें तर ‘पडदा गेला, बदलावा लागेल’ असें सांगण्यांत येतें, आणि त्यास कांहीं हजार रुपये पडतात. शेजारी म्हणतात, ‘फुकटच्या प्रणालीचें असेंच व्हावयाचें.’ बहुतेक प्रसंगीं हे दोन्ही निर्णय घाईचे असतात. दिवा शाबूत असतो, प्रणालीहि शाबूत असते. फक्त दिव्यास द्यावयाची आज्ञा वाटेंत कोठें तरी हरवलेली असते. ती कोठें हरवली हें क्रमानें शोधतां येतें, आणि तो क्रम समजावून देणें एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम पडद्यावर चित्र उमटतें कसें तें पाहूं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. पडद्यामागें दिवा ठेवावयाचा, दिवा व पडदा यांच्यामध्यें रंगविलेली पातळ बाहुली धरावयाची. म्हणजे प्रेक्षकांस पडद्यावर रंगीत आकृति दिसते. बाहुलीला स्वतःचा उजेड नाहीं. दिवा मालवला तर बाहुली जागच्या जागीं असतेच, पण प्रेक्षकांच्या दृष्टीनें खेळ संपतो.

लॅपटॉपचा पडदा बहुधा याच रीतीचा असतो. त्याच्या कांचेंत द्रवस्फटिक नांवाचा पदार्थ भरलेला असतो. प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असून, विजेचा दाब कमीजास्त केला कीं त्यांतून पलीकडचा उजेड कमीजास्त झिरपतो. हा पदार्थ स्वतः प्रकाशत नाहीं. प्रकाश देणारी एलईडी दिव्यांची पट्टी पडद्याच्या एका कडेस बसविलेली असते, आणि तिचा उजेड पसरविण्यासाठीं मागें पांढरे पत्रे असतात. फार जुन्या यंत्रांत एलईडीऐवजीं एक बारीक नळीचा दिवा असे. या मागच्या दिव्यास बॅकलाइट म्हणतात. चित्र काढणारा भाग निराळा आणि दिवा पेटविणारा भाग निराळा, ही गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी; पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभें आहे.

या वेगळेपणाचें एक चांगलें उदाहरण आपल्या कोंकणांतच घडून गेलें आहे. रायगड जिल्ह्यांतील खैरात येथील लहानशा शाळेंत २००७ सालीं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मुलांच्या हातीं देण्यांत आले. त्यांवर फेडोरापासून तयार केलेली लिनक्स होती. त्या यंत्राचा साडेसात इंची पडदा असा बनविला होता कीं मागचा दिवा पार मालवला तरी उन्हाचा उजेड आंतून परत फिरून अक्षरें काळीं-पांढरीं दिसावीं. अंगणांत बसून वाचणाऱ्या मुलास दिव्याची गरजच उरत नसे, आणि बॅटरीवरचा भारहि हलका होई. आपल्या नेहमींच्या लॅपटॉपांत ही सोय नाहीं. त्यांचा दिवा गेला कीं चित्र असूनहि दिसत नाहीं. अलीकडील कांहीं महागड्या यंत्रांत ओलेड नांवाचा पडदा येतो. त्यांत मात्र प्रत्येक बिंदु स्वतःच प्रकाशतो, मागें दिवा नसतो; त्याची गोष्ट आज बाजूस ठेवूं.

आतां पडदा अगदीं काळा दिसत असेल तर करावयाची पहिली परीक्षा फार सोपी आहे. खोलींत अंधार करावा, यंत्र चालू ठेवावें, आणि हातांतील टॉर्चचा झोत पडद्यावर जवळून तिरपा टाकावा. झोताच्या जागीं अक्षरांच्या किंवा चित्रांच्या फिकट आकृति दिसल्या तर यंत्र चालू आहे, चित्र तयार होत आहे, आणि दोष केवळ दिव्याचा अथवा दिव्याच्या आज्ञेचा आहे असें समजावें. कांहींच दिसलें नाहीं तर प्रश्न ब्राइटनेसचा नसून चित्राचा आहे. तेथें शोधाची दिशा वेगळी. दुकानांत जाण्यापूर्वीं ही परीक्षा प्रत्येकानें करावी. ती करण्यास एक पैहि लागत नाहीं.

दुसरी परीक्षा अशी कीं, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून सुरू करावें. उबुंटूसारखी प्रणाली यंत्रावर न बसवितांहि वापरून पाहतां येते, आणि यंत्रांतील आपल्या फायलींस धक्का लागत नाहीं. पेनड्राइव्हवरील ताज्या आवृत्तींत उजेड नीट कमीजास्त होत असेल, तर दिवा व तारा उत्तम आहेत. बिघाड आपण बसविलेल्या प्रणालीच्या मांडणींत आहे. एवढें कळलें कीं पडदा बदलण्याचा खर्च तूर्त टळला.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. या दिव्यास आज्ञा देतो कोण? येथेंच सारा घोटाळा होतो, कारण आज्ञा देण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. पहिला मार्ग फर्मवेअरचा, म्हणजे कारखान्यांतूनच यंत्रांत कोरून आलेल्या मूळ सूचनांचा. या सूचना प्रणालीस कशा कळवाव्या याचा एसीपीआय नांवाचा एक सर्वमान्य करार १९९६ सालीं झाला, आणि त्यांत दिव्याचा उजेड बदलण्याचीहि तजवीज आहे. दुसरा मार्ग चित्र काढणाऱ्या चिपचा. इंटेल किंवा एएमडी यांची ही चिप प्रणालीकडून थेट आज्ञा घेऊन दिव्याचा उजेड बदलूं शकते. तिसरा मार्ग त्या त्या कंपनीनें आपल्या यंत्रापुरता काढलेला खास मार्ग. एका घरांत तीन कारभारी असावे आणि दिव्याची वात कोणीं वरखालीं करावयाची हें ठरलेलें नसावें, तसा हा प्रकार आहे.

२०१२ सालीं विंडोज आठ ही प्रणाली आली, तेव्हांपासून हा घोटाळा वाढला. त्या प्रणालींत उजेडाचें काम चिपच्या मार्गानेंच होऊं लागलें. त्यामुळें कांहीं कारखानदारांच्या फर्मवेअरमधील जुना मार्ग नांवापुरता उरला. तो कोणी तपासून पाहिनासें झालें. लिनक्स मात्र त्या मार्गावर विसंबून आज्ञा पाठवी. आज्ञा पोंचल्याची नोंद होई, पडद्यावरची पट्टी सरके, पण दिव्यास खबरच नसे. ‘पट्टी हलते पण उजेड हलत नाहीं’ या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथें असतें. गाभ्याच्या ६.१ या आवृत्तींत, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्यें, ही व्यवस्था बरीच नीट लावण्यांत आली, आणि एका पडद्यास शक्य तों एकच कारभारी नेमला जावा असें ठरलें. म्हणून जुनी आवृत्ति असेल तर इतर कांहीं करण्याआधीं ती अद्ययावत् करून घ्यावी. कित्येकदां तेवढ्यानेंच काम होतें.

तरीहि झालें नाहीं तर? येथें मुक्त प्रणालीचा खरा लाभ दिसतो. दिव्यास दिलेली आज्ञा लिनक्समध्यें आपल्याला डोळ्यांनीं पाहतां येते. ‘सिस’ नांवाच्या मूळ फोल्डरांत ‘क्लास’ हें फोल्डर आहे, आणि क्लासमध्यें ‘बॅकलाइट’. तेथें कारभाऱ्यांचीं नांवें दिसतात. ‘इंटेल बॅकलाइट’ किंवा ‘एएमडीजीपीयू बीएल’ असें नांव असेल तर चिपचा मार्ग चालू आहे. ‘एसीपीआय व्हिडिओ’ असें नांव असेल तर फर्मवेअरचा. त्या नांवाचें फोल्डर उघडलें कीं आंत लहान लहान फायली असतात. त्यांपैकीं तीन आपल्या कामाच्या. ‘मॅक्स ब्राइटनेस’ या फायलींत जास्तींत जास्त किती उजेडाची आज्ञा देतां येते तो आंकडा असतो. ‘ब्राइटनेस’ या फायलींत सध्यां कोणती आज्ञा दिली आहे तो आंकडा. आणि ‘अॅक्च्युअल ब्राइटनेस’ या फायलींत यंत्राकडून परत वाचलेला आंकडा. या फायली नुसत्या वाचल्यानें कसलेंहि नुकसान होत नाहीं.

हे आंकडे म्हणजे कांहीं ठराविक माप नव्हे. एका यंत्रांत सर्वांत मोठा आंकडा २५५ असतो, दुसऱ्यांत तो हजारांच्या घरांत जातो. म्हणून आंकड्याकडे न पाहतां गुणोत्तराकडे पाहावें. मॅक्स ब्राइटनेस ८०० आणि ब्राइटनेस ४०० असेल तर आज्ञा अर्ध्या उजेडाची आहे. आतां उजेडाची कळ चारदोन वेळां दाबून तो आंकडा पुन्हां वाचावा. यांतून चार निरनिराळे निष्कर्ष निघतात.

आंकडाहि बदलला नाहीं आणि उजेडहि बदलला नाहीं, तर कळ दाबल्याची वार्ताच प्रणालीस पोंचत नाहीं. दोष कळफलकाचा किंवा त्याच्या मांडणीचा. पुष्कळ लॅपटॉपांत उजेडाची कळ एफएन या कळीबरोबर दाबावी लागते, आणि फर्मवेअरमध्यें ही जोडी उलटसुलट करण्याची सोय असते. तेवढें आधीं पाहावें. सेटिंग्जमधील पट्टीनें उजेड बदलत असेल, तर दिव्याची काळजी सोडून द्यावी.

आंकडा बदलला पण उजेड बदलला नाहीं, तर आज्ञा चुकीच्या कारभाऱ्याकडे जात आहे. याचा उपाय पुढें सांगतों.

बॅकलाइट या फोल्डरांत दोन नांवें दिसलीं, तर दोन कारभारी आहेत. प्रत्येकाचा आंकडा निरनिराळा बदलून पाहावा आणि दिवा कोणाचें ऐकतो तें ठरवावें.

आणि फोल्डर अगदीं रिकामें असेल, तर कारभारीच नेमलेला नाहीं. याचें एक नेहमींचें कारण असें कीं प्रणाली बसवितांना पडदा नीट लागत नव्हता म्हणून कोणी तरी सुरुवातीच्या ओळींत ‘नोमोडसेट’ हा शब्द घातलेला असतो. हा शब्द चिपच्या मूळ चालकास बाजूस बसवितो. त्या वेळेपुरती अडचण टळते, पण पुढें उजेडावरचा ताबाहि जातो. तो शब्द काढून टाकला आणि चिपचा योग्य चालक बसविला कीं फोल्डरांत नांव दिसूं लागतें. ज्या यंत्रांत चित्राच्या दोन चिप असतात, एक साधी व एक खेळांसाठीं जोरकस, तेथें पडदा कोणत्या चिपला जोडला आहे हेंहि पाहावें लागतें.

आंकडा स्वतः बदलून पाहण्यास प्रशासकाचा अधिकार, म्हणजे आपला पासवर्ड, लागतो. साध्या वापरणाऱ्यास त्या फायलींत लिहितां येत नाहीं; ‘परवानगी नाहीं’ असें उत्तर आलें तर तो दोष समजूं नये. ‘ब्राइटनेससीटीएल’ नांवाचें एक छोटें साधन मिळतें. त्याला अमुक टक्के उजेड ठेव असें सांगतां येतें. एक सूचना मात्र आवर्जून देतों. फायलींत शून्य कधींहि लिहूं नये. कांहीं यंत्रांत शून्याचा अर्थ सर्वांत मंद असा असतो, तर कांहींत दिवा पूर्ण बंद असा. आणि पडदा काळा झाल्यावर पुढची आज्ञा अंधारांत चांचपडत लिहावी लागते.

आतां कारभारी कसा बदलावयाचा तें सांगतों. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाची यादी येते. ती आपोआप दिसत नसेल तर सुरुवातीस एस्केपची कळ दाबून ती बहुधा आणतां येते. यादींतील आपल्या प्रणालीच्या ओळीवर असतां इंग्रजी ई हें अक्षर दाबलें कीं सुरुवातीच्या सूचना दिसतात. त्यांत लिनक्स या शब्दानें सुरू होणारी एक लांब ओळ असते. तिच्या शेवटीं एक जागा सोडून, लहान लिपींत, एसीपीआय, अंडरस्कोर, बॅकलाइट, बरोबरचें चिन्ह, नेटिव्ह, असें सलग जोडून लिहावयाचें. नेटिव्ह म्हणजे चिपचा मार्ग. नंतर कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबल्या कीं यंत्र त्या सूचनेनिशीं सुरू होतें. त्यानें न भागल्यास नेटिव्हच्या जागीं व्हिडिओ, म्हणजे फर्मवेअरचा मार्ग, किंवा व्हेंडर, म्हणजे कंपनीचा खास मार्ग, हे शब्द एकेक करून पाहावे.

या पद्धतीचा मोठा गुण असा कीं ही सूचना त्या एका वेळेपुरतीच असते. यंत्र बंद करून पुन्हां सुरू केलें कीं सर्व पूर्ववत्. म्हणून भिण्याचें कारण नाहीं. ज्या शब्दानें उजेड हातीं आला, तोच पुढें ग्रबच्या कायमच्या फायलींत लिहावा. ती ‘ईटीसी’ या फोल्डरांतील ‘डिफॉल्ट’मध्यें असते. उबुंटू व डेबियनमध्यें ती बदलल्यावर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी लागते, नाहीं तर बदल अमलांत येत नाहीं. आधीं तात्पुरता प्रयोग, मग कायमची नोंद. एका वेळीं एकच बदल, आणि तो वहींत टिपलेला. रसायनशाळेंत विद्यार्थ्यांस जी शिस्त लावतात तीच ही. घाईनें पांच उपाय एकदम करणारास कोणत्या उपायानें गुण आला हेंहि कळत नाहीं, आणि कोणत्यानें बिघडलें हेंहि कळत नाहीं.

पडदा चालतो, पण यंत्र दरवेळीं सुरू झालें कीं उजेड भलताच असतो, अशीहि एक तक्रार असते. लिनक्सच्या बहुतेक रूपांत सिस्टिमडी नांवाची व्यवस्था यंत्र बंद होतांना उजेडाचा आंकडा लिहून ठेवते व सुरू होतांना तो परत लावते. पडदा अगदींच काळा राहूं नये म्हणून हा परत लावलेला उजेड निदान पांच टक्के असावा अशी काळजीहि तिनें घेतलेली आहे. परंतु पांच टक्के उजेड दिवसां उजेडच वाटत नाहीं. रात्रीं अगदीं मंद करून यंत्र बंद केलें आणि सकाळीं खिडकीपाशीं उघडलें, तर पडदा गेला असा भास सहज होतो. अशा वेळीं यंत्र सावलींत न्यावें, उजेडाची कळ दहाबारा वेळां दाबावी, आणि मगच पुढचा विचार करावा.

याशिवाय दिव्याचा दोष नसून तसा भासणारे कांहीं प्रकार आहेत. बॅटरीवर असतां पडदा मंद करणें, कांहीं वेळ हात न लावल्यास मंद करणें, हीं कामें प्रणाली काटकसरीसाठीं स्वतः करते. सेटिंग्जमधील पॉवर या सदरांत तीं बंद करतां येतात. कांहीं यंत्रांत खोलीचा उजेड मोजणारा एक बारीक डोळा असतो. त्यावर हाताची सावली पडली तरी पडदा मंदावतो. ‘नाइट लाइट’ ही सोय रात्रीं पडद्यास पिवळसर छटा देते; तो रंगाचा फरक आहे, दिव्याचा नव्हे. आणि कांहीं साधनें दिव्यास हात न लावतां केवळ चित्र काळपट करून उजेड कमी झाल्याचा देखावा निर्माण करतात. त्यांनीं डोळ्यांस थोडें बरें वाटेल, पण मागचा दिवा पूर्ण जोरानें जळतच असतो. बॅटरीची बचत होत नाहीं. टेबलावरील वेगळ्या मॉनिटरची गोष्ट तर सर्वस्वीं निराळी आहे. त्याचा दिवा बॅकलाइट फोल्डरांत सहसा दिसत नाहीं. तो त्याच्या स्वतःच्या बटणांनीं, किंवा ‘डीडीसीयूटिल’ नांवाच्या साधनानें तारेतून, बदलावा लागतो.

इतकी खटपट एका उजेडासाठीं कां करावी, असें कोणी विचारील. आपल्या कोंकणांत याचें उत्तर देणें अवघड नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड व दापोली भागांतील कित्येक गांवें अनेक दिवस विजेवांचून होतीं; आणि पावसाळ्यांत रत्नागिरी शहरांतहि वीज जाणें कांहीं नवलाचें नाहीं. लॅपटॉपवर नुसतें वाचन चाललें असतां बॅटरीचा मोठा भाग हा मागचा दिवा खातो. उजेड पूर्ण तेजावर अडकलेल्या यंत्राची बॅटरी त्यामुळें लवकर संपते. ज्या मुलाला दुसऱ्या दिवशीं परीक्षा आहे आणि ज्याच्या टिपणांची एकमेव प्रत त्या यंत्रांत आहे, त्याला त्या दिव्यावर ताबा असणें म्हणजे अभ्यासाचा एखादा तास अधिक मिळणें होय.

डोळ्यांचाहि विचार आहे. पुष्कळ यंत्रांत उजेड कमी करण्याची रीत अशी कीं दिवा सेकंदास शेंकडों वेळां बंद-चालू करावयाचा. बंद राहण्याचा काळ वाढला कीं उजेड मंद भासतो. बहुतेकांस ही उघडझांप जाणवत नाहीं, पण कांहींचे डोळे तिनें शिणतात व डोकें दुखूं लागतें. अशांनीं उजेड फार खालीं न नेतां खोलींतला दिवा लावावा. साधारण नियम असा कीं पडद्याशेजारीं पांढरा कागद धरला असतां दोन्ही सारखेच उजळ दिसावे. पडदा कागदापेक्षां झगझगीत वाटला तर कमी करावा, करडा वाटला तर वाढवावा.

इतकें सर्व करूनहि पेनड्राइव्हवरील प्रणालींत, फर्मवेअरच्या पानावर, कोठेंहि उजेड येत नसेल आणि टॉर्चनें मात्र चित्र दिसत असेल, तर दिव्याची पट्टी, तिचा धागा किंवा पडद्याची केबल खरोखर बिघडली आहे असें म्हणण्यास जागा आहे. झांकण उघडतां-मिटतां उजेड लुकलुकत असेल तर संशय केबलवर प्रथम घ्यावा. ती पडद्याच्या मानानें पुष्कळच स्वस्त असते. मग कारागिराकडे जावें, पण या परीक्षांचे निकाल कागदावर लिहून न्यावे. ज्या गिऱ्हाइकास दोष कोठपर्यंत आला आहे हें ठाऊक असतें, त्याच्याशीं कारागीरहि विचारानें बोलतो.

ज्यांस या आज्ञांची संवय नाहीं त्यांनीं मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ या उपक्रमांतील लिनक्सचे धडे पाहावे. ते मराठींतहि आहेत व विनामूल्य आहेत. फायली कशा वाचाव्या, आज्ञा कशी द्यावी, हें त्यांत सावकाश करून दाखविलेलें आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. लिनक्सच्या गाभ्यांत एक फाईल अशी आहे कीं तिच्यांत निरनिराळ्या कंपन्यांचे लॅपटॉप त्यांच्या नांवानिशीं नोंदलेले आहेत, आणि प्रत्येकापुढें त्याचा दिवा कोणत्या कारभाऱ्याचें ऐकतो तें लिहिलें आहे. त्यांतील कित्येक नोंदी वापरणाऱ्यांच्या पत्रांवरून झालेल्या आहेत. कोणी तरी आपल्या यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक, गाभ्याची आवृत्ति, बॅकलाइट फोल्डरांतील नांवें, आणि कोणत्या शब्दानें उजेड हातीं आला, एवढें व्यवस्थित लिहून कळविलें. आणि पुढच्या आवृत्तींत तशा प्रत्येक यंत्राचा उजेड आपोआप नीट झाला. आपल्या घरांतील लॅपटॉपचा प्रश्न वरील रीतीनें सुटला, आणि त्याचें नांव त्या यादींत नसेल, तर आपल्या वहींतील ती चार ओळींची टिपण आपल्या प्रणालीच्या व्यवस्थापकांकडे जरूर पाठवावी. तसेंच यंत्र दुसऱ्या कोणाच्या घरीं काळ्या पडद्यानिशीं पडून असेल, आणि त्यास पडदा बदलण्याचा खर्च झेपणारा नसेल.